तुमच्या कथेतला होम्स ओळखू यावा म्हणून

शेरलॉक होम्सवर नवी कथा लिहायला बसलं की हात आपोआप पाइप, टोपी आणि 'एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन'कडे जातो. पण आर्थर कॉनन डॉयल यांच्या 4 कादंबऱ्या आणि 56 कथांमध्ये हे वाक्य असं एकदाही येत नाही. 'डीअरस्टॉकर' हे त्या टोपीचं नावही त्यांत कुठे नाही. ती त्याच्या डोक्यावर चढवली चित्रकार सिडनी पॅजेट यांनी. आपल्याला पाठ असलेला होम्स बराचसा नाटक-सिनेमांतला आहे. म्हणून फॅनफिक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर आपली कथा, लिहायचं तर सुरुवात मूळ कथांपासून करा. साठही वाचायला हव्यात असं नाही, चार वाचा, पण पेन्सिल घेऊन.

वाचताना लकबी टिपू नका, निर्णय टिपा. 'ब्लू कार्बंकल'मध्ये रत्नाचा चोर हातापाया पडतो आणि होम्स त्याला पोलिसांकडे न देता दार उघडून हाकलतो. 'यलो फेस'मध्ये नॉर्बरी गावच्या प्रकरणात त्याचा तर्क साफ चुकतो. मग तो वॉटसनला सांगतो की यापुढे मी फाजील आत्मविश्वास दाखवला, तर माझ्या कानात 'नॉर्बरी' एवढंच म्हण. कधीच न चुकणारा, कायद्यावर बोट ठेवून चालणारा होम्स लिहिलात, तर पाइप असूनही तो परकाच वाटेल. आपल्या फास्टर फेणेचंही तसंच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बन्या 'ट्टॉक्' करतो तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलेलं असतं. काही सुचलेलं नसताना पानोपानी 'ट्टॉक्' पेरलं तर नुसता आवाज उरतो.

पुढची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गोष्ट कोण सांगतंय ते ठरवा. साठपैकी 56 गोष्टी वॉटसन सांगतो. तो अफगाणिस्तानच्या युद्धात जखमी झालेला डॉक्टर आहे, बावळट नाही. होम्सला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, फक्त त्यातून निष्कर्ष निघत नाही. त्याच्या तोंडून सांगायचं ठरवलंत की होम्सच्या डोक्यात शिरायची वाट बंद. 'होम्सला मनातून फार वाईट वाटलं' हे वाक्य मग चालत नाही. त्याऐवजी असं काही लिहा: 'होम्स खिडकीशी गेला. त्याने व्हायोलिन उचललं, आणि तार न छेडताच परत ठेवलं.' वॉटसनने एवढंच पाहिलं, वाचकाला पुरेसं कळलं.

मराठीत लिहिताना आणखी एक पेच पडतो. इंग्रजीतल्या 'यू'ला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो? ते दोघं एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, पण एका घरात राहिलेले जिवलग मित्र आहेत. मी त्यांना 'तू' देते. पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेड, घरमालकीण हडसनबाई आणि दारात आलेला प्रत्येक अशील 'तुम्ही'. मायक्रॉफ्ट सख्खा भाऊ, त्यामुळे तिथे 'तू'च. हे कागदावर आधी लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या पानावर वॉटसन अचानक होम्सला 'आपण' म्हणू लागतो.

आता भावना. होम्स हळवा होऊ शकतो, पण त्याला तेवढं मोठं कारण लागतं. 'थ्री गॅरिडेब्स'मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी लागते. होम्स धावत येऊन त्याला धरतो, त्याचे ओठ थरथरतात, तो खिशातल्या चाकूने वॉटसनची पँट फाडून जखम बघतो. जखम वरवरची आहे हे कळताच तो गुन्हेगाराकडे वळतो: वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास. झालं, पुढे पुन्हा काम. इतक्या वर्षांच्या सोबतीत असा क्षण इतका दुर्मीळ आहे म्हणूनच तो पोचतो. तुमच्या कथेत होम्स रडणार असेल तर आधी ती गोळी शोधा.

हक्कांचंही बघून घ्या. डॉयल 1930 साली वारले, त्यामुळे मूळ होम्स भारतात सर्वांसाठी खुला आहे. नव्या मालिकांनी घातलेली भर मात्र त्यांची. भागवत 2001 साली गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, त्यामुळे बन्यावरची कथा छापून विकायची तर परवानगी लागेल.

शेवटी कथा परत वाचताना एकच शोधा: कथानकाची सोय म्हणून पात्राला कुठे वाकवलंय? माझ्या एका कथेत गुन्हेगार निसटायला हवा होता, म्हणून मी होम्सला उंबऱ्यावरचा चिखल दिसूच दिला नाही. मैत्रिणीने वाचताना नेमकं तिथेच बोट ठेवलं. तो प्रसंग मी पुन्हा लिहिला. आता होम्सला चिखल दिसतो, तो कुठल्या रस्त्यावरचा तेही कळतं. पण लंडनच्या धुक्यात घोडागाडी अडकते आणि तो बंदरावर पोहोचेपर्यंत बोट सुटलेली असते.