नटांची शॉर्टफिल्म आणि बिनवारशी बूम : या चुका टाळा

एकांकिका करणाऱ्या ग्रुपने शॉर्टफिल्म करायला घेतली की पहिली चूक मीटिंगमध्येच होते. "क्रू कशाला हवाय? आठ जण आहोत की आपण. ज्याचा सीन नाही, तो बघेल." आमच्याकडे हे वाक्य मीच टाकलं होतं.

ही नाटकातली सवय. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात आम्ही हेच करायचो. एक्झिट घेतली की विंगेत येऊन घाम पुसायचा आणि पुढच्याच्या हातात प्रॉपर्टी द्यायची. शूटिंगमध्ये अशी एक्झिट नसते. सीन आधी मास्टरमध्ये होतो, म्हणजे सगळे दिसतील अशा एका मोठ्या शॉटमध्ये, मग तुझ्या चेहऱ्याचा क्लोज, मग तिचा क्लोज, मग इन्सर्ट, म्हणजे नुसत्या हातातल्या पत्राचा शॉट. दोन पानांच्या सीनमध्ये नट तीन-चार तास अडकतो. क्लोज दुसऱ्याचा असला तरी समोर बसून क्यू तोच देतो. म्हणजे 'ज्याचा सीन नाही' असा माणूस वाटतो त्याच्या निम्म्यानेही हाताशी नसतो.

उपाय साधा आहे. मोठा कागद घ्या. डावीकडे सीन नंबर, वरती कामं: फर्स्ट एडी (पहिला सहायक दिग्दर्शक), साउंड, कंटिन्युटी (कपडे-वस्तू शॉटगणिक जुळतात का बघणं), डेटा (शूट झालेल्या कार्डांच्या कॉप्या), प्रॉडक्शन. चौकटीत नावं भरताना एकच अट: त्या सीनमध्ये जो दिसतो, त्याचं नाव त्या ओळीत येणार नाही. आमच्या सहा सीनपैकी चौथा सीन घरातल्या समारंभाचा होता. त्यात आठही जण होते, त्यामुळे ती अख्खी ओळ कोरी राहिली. कागदावर ती शूटिंगच्या आदल्या आठवड्यात दिसली म्हणून बरं. लेखकाची मनधरणी करून दोन पाहुणे कापले आणि कॉलेजमधल्या दोन ज्युनिअर्सना बोलावलं.

एक लक्षात ठेवा: प्रॉडक्शन आणि डेटा सीनप्रमाणे हात बदलू शकतात. साउंड आणि कंटिन्युटी मात्र पहिल्या शॉटपासून पॅकअपपर्यंत प्रत्येकी एकेका ठरलेल्या माणसाकडे हवेत, आणि ती माणसं फिल्ममध्ये नसलेलीच बरी.

दिग्दर्शक फ्रेममध्ये, कट कोण म्हणणार?

नटांच्या फिल्ममध्ये दिग्दर्शकही बहुतेक वेळा एक भूमिका करतोच. मग टेक संपला की हा धावत मॉनिटरकडे, प्लेबॅक म्हणजे आत्ताच घेतलेला टेक परत बघायला. मागोमाग बाकीचेही येतात, आणि प्रत्येकाला आपापला टेक आवडलेला नसतो. हिशेब करा. लाइट, रिहर्सल, दोन-तीन टेक मिळून एका शॉटला पंधरा मिनिटं धरली, तर १२ तासांच्या शिफ्टमध्ये चहा-जेवण वगळून चाळीस शॉट बसतात. प्रत्येक शॉटला तीन मिनिटांचा प्लेबॅक म्हणजे दोन तास गेले.

मॉनिटरवर एकच माणूस बसवा आणि टेक ओके की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. रिहर्सलला तो हजर हवा, नाहीतर त्याला काय हवंय हेच कळणार नाही. फर्स्ट एडी वेगळा. त्याने अभिनयावर मत देऊ नये, त्याचं काम घड्याळाचं. ग्रुपमध्ये वेळेवरून भांडणारी एक व्यक्ती असतेच, तिलाच हे काम द्या.

"साउंड नंतर बघू"

सगळ्यात महाग पडणारं वाक्य. कॅमेरा भाड्याने आणलेला असतो, त्याच्यावरच्या माइकवर भागवायचं ठरतं, आणि एडिटला बसल्यावर संवादांपेक्षा पंखा जास्त ऐकू येतो. मग डबिंग. जो राग भर दुपारी त्या खोलीत आला होता, तो महिन्याभराने हेडफोन लावून परत आणायचा. जमतं, पण त्यात ती खोली नसते.

बूम म्हणजे लांब काठीवरचा माइक. तो धरणाऱ्याच्या कानावर हेडफोन असलाच पाहिजे. आमच्याकडे पहिल्या दिवशी बूम हातोहात फिरत होता आणि हेडफोन बॅगेत होता. बूम तोंडाच्या दिशेने, फ्रेमच्या जेमतेम वर. रेकॉर्डर वेगळा असेल तर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा आणि प्रत्येक टेकला सीन-शॉट-टेक नंबर बोलून क्लॅप द्या, म्हणजे एडिटला आवाज आणि चित्र जुळवता येतं. पाटी नसेल तर हाताची टाळी, पण ती कॅमेऱ्यात दिसली पाहिजे. फोनवर शूट करत असाल तर दोन-दोन मिनिटांचे तुकडे करा. बऱ्याच फोनचा फ्रेम रेट स्थिर नसतो आणि लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. लोकेशन सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, एडिटमध्ये संवादांमधल्या रिकाम्या जागा भरायला.

आणि फ्रिज. त्याची घरघर थांबवायला तो बंद करतात आणि तसाच विसरतात. घर मित्राच्या मावशीचं असेल तर पुढच्या फिल्मला लोकेशन मिळत नाही. साउंडवाल्याने आपल्या स्कूटरची किल्ली त्या फ्रिजमध्येच ठेवावी. घरी जायला किल्ली लागते, फ्रिज आपोआप आठवतो.

धुतलेला कुर्ता

कंटिन्युटी म्हणजे नटाने 'लक्षात ठेवणं' नव्हे. नटाचं लक्ष भूमिकेत असतं, तिथेच असायला हवं. प्रत्येक शॉटनंतर फोनवर फोटो काढा: चेहऱ्याचा एक आणि हातांचा एक. कप कुठल्या हातात होता, चहा किती उरला होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते. कपडे रात्री कुणी घरी नेऊ नयेत. आमच्या हिरोने चहा सांडलेला कुर्ता घरी नेला. डाग कथेतलाच होता. सकाळी आईने कौतुकाने धुऊन, इस्त्री करून दिला.

डेटाचं थोडक्यात सांगते. कार्ड भरलं की दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा, दोन-चार फाइल्स उघडून शेवटपर्यंत चालतात का बघा, मगच फॉरमॅट. भरलेल्या कार्डावर चिकटपट्टी लावा. हे काम कॅमेऱ्यावरच्या माणसाला देऊ नका, त्याला आधीच घाई असते. ट्यूबलाइट फ्रेममध्ये झगमगत असेल तर शटर स्पीड १/५० सेकंद करायला मात्र त्याला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

प्रॉडक्शन सांभाळणाऱ्याला लोक नुसता वडापाव आणणारा समजतात. खरं काम दाराशी असतं. आमच्या चौथ्या सीनच्या वेळी बेल वाजली. मोकळी असलेली एकटी मीच, आणि माझ्या कपाळावरून मेकअपचं रक्त ओघळत होतं. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या अंधारलेल्या खोलीकडे पाहिलं, आणि काही न विचारता फोन काढला. पुढचा पाऊण तास शूटिंग बंद. दुसऱ्या दिवशी एक ज्युनिअर स्वच्छ शर्ट घालून जिन्यातच बसवला. हातात वेळापत्रक आणि ज्यांचं घर होतं त्या मावशींचा फोन नंबर.