जुन्या रायवळ आंब्याचे कोय कलम कसे बांधावे

रायवळाची, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी आंब्याची, कोय पेरली की तोच आंबा मिळेल, हा समज आधी सोडावा. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीतून परागीकरणाने तयार झालेले एकच रोप येते, त्याचे फळ आईसारखे उतरेलच असे नाही. खोबऱ्या, शेपू, बिटकी ही नावे गावोगाव असली तरी या गावचा शेपू त्या गावच्या शेपूहून निराळा असतो. ते झाड लाकडासाठी तुटले की ती चव कायमची गेली. तिला राखते ते फक्त कलम, म्हणजे त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर जोडणे.

काम मे महिन्यातच सुरू करा. पावसात फळ नसते, मग कुठले झाड कुठले ते ओळखू येत नाही. खोडावर रंगाची खूण करा. वहीत दहा फळांचे वजन, साल, रेषा, वास, पिकण्याचा काळ आणि घरात त्याचे लोणचे होते की साठं, हे लिहून ठेवा.

खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी जोडायची त्या रोपासाठी, रायवळाच्याच ताज्या कोयी घ्या. पाण्यात तरंगणाऱ्या टाकून द्या, उरलेल्या ओल्या वाफ्यात लावा. महिनाभर सुकलेली कोय सहसा रुजत नाही.

जुन्या झाडावरून घ्यायची कलमकाडी तीन-चार महिन्यांची, मोहोर न आलेली, 10 ते 15 सेंमी लांब आणि खुंटाइतकी जाड हवी. कापण्याआधी आठ-दहा दिवस देठ ठेवून पाने छाटा. बोट लावताच देठ गळला आणि टोकाचा डोळा फुगलेला दिसला की काडी तयार. खूप जुन्या झाडावर अशी काडी मिळतच नाही. त्यासाठी आदल्या हंगामात फळे उतरल्यावर एक-दोन फांद्या छाटून नवी पालवी आणावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये, रोपाची पाने तांबूस असतानाच, ते कोयीसकट उपटा. कोय तुटू देऊ नका, रोपाचे अन्न तिच्यातच असते. कोयीपासून 5-6 सेंमीवर शेंडा छाटून मधोमध 3-4 सेंमी चीर द्या. काडीला तेवढीच पाचर करून बसवा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडलीच पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून मातीच्या पिशवीत लावा, काडीवर लांबट पिशवीची टोपी घाला आणि सावलीत ठेवा.

कोवळा खुंट बुरशीने कुजतो, म्हणून चाकू आणि काडी स्वच्छ हवी, पिशवीत पाणी साचू नये. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की टोपी काढा. जोडाखालचे फुटवे दिसतील तेव्हा खुडा, नाहीतर खुंटच वाढतो आणि काडी मरते. तीन-चार महिन्यांनी पट्टी सोडा, ती राहिली तर जोड आवळला जातो.

एका झाडाची किमान तीन कलमे करा आणि ती तीन वेगळ्या परड्यांत, म्हणजे घरामागच्या बागांत, लावा.