ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकायचे असेल तर आधी एक गोळा स्वतः रंगवा

ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग शिकू पाहणारे अनेक जण थेट व्हल्कनला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून काम करून घेण्याच्या एका अवघड साधनाला, हात घालतात आणि महिन्याभरात कंटाळून सोडून देतात. २०१६ साली आलेल्या व्हल्कनमध्ये एक साधा त्रिकोण पडद्यावर आणायलासुद्धा शेकडो ओळी लिहाव्या लागतात आणि त्यांतल्या फारच थोड्या ओळींचा संबंध प्रत्यक्ष चित्राशी असतो. म्हणून माझा आग्रह असा, की पहिले दोन-तीन महिने ग्राफिक्स कार्डाच्या वाटेला जाऊच नये. सी++ मध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग स्वतः काढावा.

चित्र साठवण्यासाठी पीपीएम ही फाइल पुरते. पहिल्या ओळीत रोमन लिपीत 'पी' हे अक्षर व त्याला जोडून ३ हा अंक, मग रुंदी व उंची, मग २५५, आणि पुढे प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा व निळा असे तीन आकडे लिहिले, की चित्र तयार. त्यासाठी एकही लायब्ररी लागत नाही.

आता डोळ्यापासून प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण सोडावा आणि तो गोळ्याला लागतो का, हे तपासावे. हा प्रश्न शेवटी वर्गसमीकरणावर येतो. दहावीच्या बीजगणितातला विवेचक इथे कामाला येतो: तो ऋण आला तर किरण गोळ्याला चुकवून गेला, धन आला तर दोन छेदबिंदू मिळाले, आणि त्यांतला डोळ्यासमोरचा, जवळचा बिंदू आपल्याला हवा असतो. त्या बिंदूपाशी पृष्ठभागाची लंबदिशा आणि प्रकाशाची दिशा या दोन एकक सदिशांचा अदिश गुणाकार केला, की उजेड किती पडतो ते कळते. दोन दिशांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर उजेड निम्मा होतो. सपाट वर्तुळाला गोलाई येते ती या एका गुणाकारामुळे, आणि ती स्वतःच्या कोडमधून उमटताना पाहण्याचा आनंद कोणीही चुकवू नये.

सावली जोडल्यावर गोळ्यावर काळे ठिपके उठतात. दशांश आकड्यांच्या गणितात किंचित चूक राहते, छेदबिंदू पृष्ठभागाच्या कणभर आत जातो आणि सावलीचा किरण, म्हणजे त्या बिंदूपासून प्रकाशाकडे सोडलेला किरण, त्याच गोळ्यावर आदळतो. किरण लंबदिशेने ०.००१ एवढा पुढे सरकवून सोडला की ठिपके जातात. मात्र हा उपाय करण्यापूर्वी ते आकडे छापून, चूक नेमकी कुठे होते ते डोळ्यांनी पाहावे. चित्र वाजवीपेक्षा काळपट दिसत असेल तर गॅमा, म्हणजे पिक्सेलचा आकडा आणि पडद्यावरचा उजेड यांतले नाते, तपासावा, कारण पडद्यावर १२८ हा आकडा निम्मा उजेड देत नाही, सुमारे २२ टक्केच देतो.

यापुढे संगणकशास्त्रज्ञ टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली मांडलेल्या पद्धतीने परावर्तन व अपवर्तन जोडावे. मग त्रिकोण भरणे, वस्तू सरकवणारे व फिरवणारे मॅट्रिक्स आणि कोणता पिक्सेल पुढे ते ठरवणारा झेड-बफर हा चित्र काढण्याचा दुसरा मार्गही हातानेच लिहून पाहावा. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचा क्रम बदलला की वस्तू भलतीकडे जाते. त्यावर घातलेला आठवडा वाया जात नाही.

त्यानंतर ओपनजीएल हे ग्राफिक्स कार्ड वापरण्याचे त्यामानाने सोपे साधन घ्यावे, रेंडरडॉक या तपासणीच्या साधनात प्रत्येक ड्रॉ कॉल, म्हणजे कार्डाला दिलेली चित्र काढण्याची आज्ञा, उघडून पाहण्याची सवय लावावी, आणि सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील तर एका चौकटीला जेमतेम १६.६ मिलिसेकंद मिळतात, हे मोजून काम करावे. पहिला शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र त्याच जुन्या गोळ्याचा लिहावा, दोन्ही चित्रे पिक्सेलनिहाय वजा करावीत, आणि जिथे डोळ्यांना जाणवेल एवढा फरक उरेल तिथे त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.