प्रशासकीय नोंदींवरून घरांची गणना कशी करावी

प्रगणक घरोघर न पाठवता केवळ सरकारी नोंदवह्यांवरून संपूर्ण गणना डेन्मार्कने १९८१ मध्ये केली. तेथे व्यक्ती, पत्ता आणि इमारत यांना जोडणारे क्रमांक आधीच रूढ होते. आपल्याकडे तशी सर्वसमावेशक साखळी नसल्याने प्रथम पायाभूत यादी निश्चित करावी. गावासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही, आणि उपलब्ध असल्यास स्वामित्व योजनेतील (गावठाणातील मिळकतींची ड्रोनने मोजणी करणारी केंद्राची योजना) मिळकत पत्रिका घ्यावी. शहरासाठी नगरपालिकेची मालमत्ता कराची नोंदवही.

खरी अडचण एकक ठरवण्यात आहे. करवहीत आजोबांच्या नावे एकच मिळकत दिसते, प्रत्यक्षात त्या वाड्यात वाटण्या होऊन तीन भावांच्या तीन चुली असतात. जनगणनेतील घर मात्र स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वारावरून ठरते. त्यामुळे करवहीची ओळ म्हणजे घर, असे कधीही धरू नये. अशा मिळकतींना महावितरणच्या जोडण्या व शिधापत्रिका जोडून पाहाव्यात. जुळणी केवळ नावावरून करू नये, कारण एकाच आडनावाने अर्धे गाव भरलेले असते.

रिकामे घर ओळखताना वीजवापर वर्षभराचा पाहावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात महिनोन्‌महिने बाहेर असतात. एका महिन्याचे शून्य बिल पाहून त्यांचे घर ओसाड ठरवणे चुकीचे होय. किल्लारी परिसरात १९९३ च्या भूकंपानंतर गावे नव्या जागी वसली, तेव्हा जुन्या गावठाणाच्या नोंदी दुबार मोजल्या जात नाहीत ना, हे स्वतंत्रपणे तपासावे.

शेवटी काही गावे यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्यक्ष पाहणी करावी आणि सुटलेल्या व दुबार घरांचे प्रमाण आकडेवारीसोबतच प्रसिद्ध करावे.