लाइट बिल भरताना आधी नाव वाचा

आमच्या डिचोलीच्या घराचं लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. ते जाऊन वीस वर्षं झाली, पण नाव बदलायचं काम कोणी अंगावर घेतलं नाही. वाड्यावरच्या निम्म्या घरांची हीच गत. म्हणून मोबाइलवरून बिल भरायला बसाल तेव्हा कागदी बिल आणि चष्मा, दोन्ही जवळ हवेत.

बँकेच्या ॲपमध्ये बिल पेमेंट उघडा. तिथे 'भारत कनेक्ट'चं चिन्ह दिसेल, म्हणजे पूर्वीचं भारत बिल-पे. वीज निवडा, मग गोव्याचं वीज खातं. आता कागदावरचा सीए नंबर, म्हणजे आपला वीज खाते क्रमांक, बोट ठेवून, एकेक आकडा. पुढे गेलात की ग्राहकाचं नाव, रक्कम, शेवटची तारीख दिसते.

इथे थांबायचं. मी थांबले नव्हते. शेजारच्या चुलतकाकांचं घर बंद होतं, म्हणून त्यांचं बिल आमच्या सोप्यावर पडलं होतं. मी तेच उचललं. स्क्रीनवर आडनाव आमचंच, रक्कमही साधारण तेवढीच. ओटीपी टाकून मोकळी झाले. नाव पुरतं वाचलं असतं तर आजोबांच्या जागी त्यांच्या धाकट्या भावाचं दिसलं असतं! काका म्हणाले, "बरें केलें गो बाये," आणि चार नारळ पाठवले. पैसे महिन्याभराने आले.

तेव्हापासून नंबर सेव्ह करताना 'आमचं घर' आणि 'काका' अशी टोपणनावं देते.

पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर घाईने परत भरू नका. आधी ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत बघा. 'पेंडिंग' असेल तर वाट पाहा. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, तक्रार तिथूनच करता येते.

ऑटो-पे, म्हणजे पैसे आपोआप कापले जाणं, मी फक्त मोबाइलच्या ठरलेल्या प्लॅनला लावलंय. लाइटला नाही. मे महिन्यात पंखे रात्रंदिवस फिरतात, तेव्हा आकडा मला आधी बघायचा असतो.

आणि 'आज रात्री लाइट तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो नंबर लावूच नका. कोणी सांगितलेलं ॲपही घेऊ नका. पैसे गेलेच तर लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा आणि बँकेला कळवा.

आईला मात्र पावतीचा कागदच लागतो. मी प्रिंट काढून देते, ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचते, जुन्या बिलांवर.