जुना मूकपट नीट कसा बघायचा: 'द मदरिंग हार्ट' (१९१३) हातात घेऊन

मूकपट बघायला घेतला की बहुतेकांचं पाच मिनिटांत असं होतं की माणसं तुरुतुरु पळतायत, मागे कुठला तरी पियानो बडवला जातोय, गोष्ट कळत नाही, बंद करा. माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं आणि त्यात चूक फिल्मची नव्हती, बघायची पद्धत चुकत होती. म्हणून एकच छोटी फिल्म घेऊन सांगते. फक्त दोन रिळांची आहे, साधारण अर्ध्या तासात संपते, डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्या अमेरिकन दिग्दर्शकाची, बायोग्राफ कंपनीची, जून १९१३ ची. म्हणजे आपल्याकडे गिरगावात कोरोनेशन थिएटरला ३ मे १९१३ ला राजा हरिश्चंद्र लागला त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच अमेरिकेत ही आली, आणि ही आहे एका विजोड लग्नाची गोष्ट. देवदेवता नाहीत, राजे नाहीत, भाड्याच्या घरात असतात तसे नवरा बायको. फिल्म इतकी जुनी आहे की अमेरिकेत तिच्यावर कॉपीराइट उरलेला नाही त्यामुळे ऑनलाइन फुकट बघायला मिळते.

सगळ्यात आधी स्पीड. हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम (म्हणजे सुटी चित्रं), आणि नंतर बोलपट आल्यावर २४ चं ठरलं. आता हिशोब बघा, ३५ एमएम फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, रीळ हजार फुटांचं धरलं तर १६००० फ्रेम, ते १६ च्या स्पीडला चालवलं तर जवळजवळ पावणेसतरा मिनिटं आणि २४ ला चालवलं तर फक्त ११. म्हणजे कोणीतरी घाईघाईत २४ ला कॉपी केली असेल तर बाईचं दुःखसुद्धा पळत पळत येतं आणि आपल्याला हसू येतं. उपाय सोपा आहे, प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करा, २४ चे बरोबर १८ होतात. पण काही कॉपीज आधीच दुरुस्त केलेल्या असतात, त्या अजून हळू केल्या तर माणसं पाण्याखाली चालल्यासारखी दिसतात, म्हणून माणसांकडे न बघता वस्तूंकडे बघा. कपडा खाली पडताना, धूर वर जाताना, कोणी खुर्चीत बसताना. वस्तू नाटक करत नाहीत, त्यांचा वेग बरोबर वाटला की स्पीड बरोबर.

मग आवाज बंद. खरंच बंद. थिएटरात तेव्हा कोणीतरी पियानो वाजवायचं हे खरं, पण ऑनलाइन कॉपीवरचं म्युझिक पुष्कळदा नंतर कोणीतरी कुठलं तरी चिकटवलेलं असतं आणि ते तुम्हाला आधीच सांगून टाकतं की आता रडा. पहिल्या वेळी शांततेत बघा, दुसऱ्या वेळी हवं तर लावा.

अजून एक गोष्ट, त्या वेळच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल ते काळं यायचं आणि निळं ते पांढरं. म्हणून आकाश कोरं दिसतं, ओठ काळे दिसतात. कोणाचा चेहरा भुतासारखा वाटला तर तो मेकअपचा आणि फिल्मचा भाग आहे, पात्राच्या स्वभावाशी त्याचा संबंध जोडू नका.

आता गोष्ट. मुलगी आहे लिलियन गिश, तेव्हा वय फक्त १९, आणि मुलगा वॉल्टर मिलर. सुरुवातीची दोन तीन मिनिटं लोक पुढे ढकलतात आणि तिथेच चुकतात कारण सगळं लग्न तिथेच कळतं. बागेत ती कुत्र्याची पिल्लं कुशीत घेऊन असते, जीव लावणं हा तिचा स्वभावच आहे, आणि तो लग्नाचं विचारतो तेव्हा ती लगेच हो म्हणत नाही. मग त्याच्या पडलेल्या चेहऱ्याची दया येते आणि ती तयार होते. थांबवून परत बघा ही जागा. तिने त्याला नवरा म्हणून पसंत केलं की पिल्लासारखं जवळ घेतलं, हा प्रश्न पुढे शेवटपर्यंत पुरतो.

लग्नानंतर पैसे कमी म्हणून ती लोकांचे कपडे घेऊन धुणं-इस्त्रीचं काम करते. हे मी आईला लॅपटॉपवर दाखवत होते, आईने लहानपणी कोळशाची इस्त्री ओढलीय, तिने मला थांबवलं आणि म्हणाली "बघ, ती दमलीय आणि त्याच्या लक्षातच येत नाहीये". मी तोवर फक्त चेहरे बघत होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की मूकपट एकदा चेहऱ्यांसाठी बघा आणि एकदा फक्त हातांसाठी. कॅमेरा बराच वेळ लांब उभा असतो, क्लोजअप कमी, त्यामुळे बरंचसं नाटक हातांत आणि हातातल्या वस्तूंत असतं.

पुढे त्याला चार पैसे मिळायला लागतात आणि तो तिला एका झगमगीत कॅफेत नेतो. इथे फ्रेम गच्च भरलेली आहे, टेबलं, नाच, मागची माणसं, म्हणून नवीन माणसाची नजर भरकटते. युक्ती अशी की फक्त नवऱ्याची नजर कुठे जाते तिचा पाठलाग करा. शेजारच्या टेबलावरची नटलेली बाई (मधे मधे येणाऱ्या लिखित पाट्यांवर तिला नावही नाही) त्याला दिसते, आणि बायकोला त्या जागेत कुठे बसावं कसं बसावं हेच कळत नाही. माझ्या मते त्या बाईला खलनायिका म्हणून सोडून देणं हा आळस आहे. संसार तिच्यामुळे मोडत नाही. एकाला घर हवंय आणि एकाला बाहेर, ते आधीपासूनच तसं होतं, आणि ग्रिफिथने ते एकाच टेबलावर दोघांना शेजारी बसवून दाखवलंय. (ह्याच ग्रिफिथने १९१५ ला केलेल्या 'द बर्थ ऑफ अ नेशन' ह्या मोठ्या सिनेमातला वर्णद्वेष मला माफ करता येत नाही, ते इथे सांगितलंच पाहिजे.)

मग बायकोला एक हातमोजा सापडतो, दुसऱ्या बाईचा. ती घर सोडते, आईकडे जाते, बाळ होतं, बाळ जातं. हे सगळं भराभर होतं, पाट्या कमी आहेत, म्हणून ह्या भागात फोन बाजूला ठेवा, एक शॉट चुकला की धागा सुटतो.

आणि मग बाग. बाळ गेल्यावर ती बाहेर येते, चेहऱ्यावर काहीच नाही, रडू नाही, किंचाळणं नाही, चालते जशी झोपेत. हातात एक काठी येते आणि ती गुलाबाच्या झुडपांवर मारायला लागते, आणि थांबत नाही, मारतच राहते, पानं फुलं उडतात. सुरुवातीला ह्याच मुलीने बागेतच पिल्लं कुशीत घेतली होती हे आठवा. हा प्रसंग बरोबर स्पीडला नाही बघितला तर तो नुसता थयथयाट दिसतो, बरोबर स्पीडला बघितला तर हात आधी उठतो आणि राग नंतर पोचतो हे दिसतं. १९ वर्षांच्या मुलीने हे केलंय, मला प्रत्येक वेळी घसा दाटतो.

शेवटी त्या कॅफेतल्या बाईने सोडून दिलेला नवरा परत येतो आणि रिकाम्या पाळण्यापाशी दोघं पुन्हा जवळ येतात. हा शेवट आवाज बंद ठेवून दोनदा बघा, एकदा त्याच्याकडे बघत, एकदा फक्त तिच्याकडे बघत. आई म्हणते तिने माफ केलं. मला वाटतं तिने परत एकदा दयाच केली, आणि ह्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.