मोठी थ्रॉटल बॉडी टाकू का? आधी प्रेशर बघा, मग बोलू

गाडी ट्यून करायला शिकताना पहिल्या वर्षी जो तो हा प्रश्न विचारतो, मीही विचारला होता, आणि उत्तर यायची वाट न बघता पार्ट मागवून मोकळा झालो होतो. गाडी २ लिटरची, टर्बो नसलेली, ७००० आरपीएमपर्यंत जाणारी. मूळ थ्रॉटल बॉडी, म्हणजे पेडल दाबलं की उघडणारं इंजिनात हवा जायचं तोंड, ६० मिमीची, मी टाकली ६८ मिमीची. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर भोक जवळजवळ २८ टक्के मोठं झालं, म्हणजे ताकद निदान ५ टक्के तरी वाढेल असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. का ५? काही नाही, असंच.

पहिल्या चक्करमध्येच हुरळून गेलो राव. पायाचा जरा स्पर्श झाला की गाडी उडी मारायची, काय ते पिकअप! मग डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नेली, तीन रन घेतले आणि वाढ निघाली २ हॉर्सपॉवर. तीच गाडी काहीही न बदलता लागोपाठ दोनदा पळवली तरी तेवढा फरक येतो, कारण इंजिनात जाणारी हवा तापलेली असते, टायर गरम होतात वगैरे.

मग ते पिकअप कुठून आलं? हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली फिरणारी चकती, मोठा झाला की पेडल तेवढंच दाबलं तरी हवेला वाट जास्त मिळते. म्हणजे आधी ३० टक्के पेडलला जे मिळायचं ते आता २३-२४ टक्क्यांतच मिळतं. इंजिन तेच, ताकद तीच, फक्त ती पेडलच्या सुरुवातीच्या भागात गोळा झाली. आणि शेवटचा भाग मेला, कमी आरपीएमला तर अर्ध्या पेडलनंतर दाबत राहिलात तरी काहीच होत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये तर नुसता पेडलचा मॅप (पेडल किती दाबलं की थ्रॉटल किती उघडायची ते कोष्टक) बदलून हाच अनुभव मिळतो, एकही नट न खोलता.

आता खरी परीक्षा, आणि ती फुकटातली आहे. इंजिन चालू न करता चावी ऑन करा, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातला दाब मोजणारा) जे दाखवेल तो तुमच्या जागेचा हवेचा दाब. समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, उंचावर कमी, म्हणून १०१ डोक्यात धरून बसू नका, आपला आपण वाचा. मग डायनोवर किंवा ट्रॅकवर पूर्ण पेडल दाबून रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्या. रेडलाइनजवळ मॅनिफोल्डचा दाब त्या आकड्याच्या १ किलोपास्कलच्या आत असेल तर विषय संपला, अख्खी थ्रॉटल बॉडी काढून फेकली तरी १ टक्क्याच्या वर काही मिळणार नाही. ढोबळ हिशोब तोच, १ किलोपास्कल म्हणजे साधारण १ टक्का.

माझा लॉग सांगतो. चावी ऑनला ९६, मूळ थ्रॉटलवर ७००० ला ९१. म्हणजे ५ किलोपास्कल कुठेतरी अडत होते. मोठी टाकल्यावर ९१.५. बाकीचे साडेचार कुठे गेले?

हे आधी कागदावरच कळायला हवं होतं. २ लिटरचं इंजिन ७००० ला मिनिटाला जास्तीत जास्त साधारण ७००० लिटर हवा ओढतं, ती ६० मिमीच्या भोकातून जाताना वेग येतो सेकंदाला ४१ मीटर, आणि त्या वेगाचा अख्खा दाब वाया गेला असं धरलं तरी होतो १ किलोपास्कल. बटरफ्लायची दांडी आडवी येते त्याचं थोडं वाढीव धरा. पण ५? शक्यच नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

मग थ्रॉटलच्या आधीच्या पाइपला भोक पाडून पारदर्शक नळी जोडली, यू आकारात वाकवून पट्टीला चिकटवली आणि आत रंगीत पाणी भरलं. पाण्याच्या पातळीत १० सेंटीमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. नळी मी घेतली आखूड, त्यामुळे पहिल्याच रनला सगळं लाल पाणी इंजिनने पिऊन टाकलं, पाणी थोडंच होतं म्हणून वाचलो. नळी लांब घ्या, नाहीतर सरळ दुसरा सेन्सर लावा. दुसऱ्या रनला बॉनेट उघडं होतं आणि ५५०० च्या पुढे मला डोळ्यांनी दिसलं, फिल्टरच्या डब्यानंतरचा रबरी बेंड गाल आत ओढावेत तसा चपटा होत होता! तो बदलला, मूळ ६० मिमीची थ्रॉटल बॉडी परत बसवली, लॉगमध्ये आले ९४.५.

अजून एक घोळ केला होता तो राहिलाच. थ्रॉटल ६८ ची, मॅनिफोल्डचं तोंड ६० चं, म्हणजे आत चारही बाजूंनी ४ मिमीची पायरी. हवा येऊन थेट तिच्यावर आपटणार. तोंड घासून जुळवायचं नसेल तर मोठी घेऊच नका. शिवाय आयडल (पेडल न दाबता इंजिनचा वेग) १४०० वर अडकलं, आयडल जास्त असल्याचा पी०५०७ कोड आला, ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) नवीन भोकाची ओळख करून द्यायला दोन संध्याकाळी गेल्या.

मग ती घ्यायचीच नाही का? तसं नाही. हवा वाढली की अडथळा वर्गाच्या पटीत वाढतो, हवा १.४ पट तर दाब दुप्पट अडतो. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बदलले, हेडचं काम केलं (इंजिनच्या वरच्या भागातले हवेचे रस्ते मोकळे केले), आरपीएम वाढवला की परत मोजा. थ्रॉटल सुपरचार्जरच्या (इंजिनच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणाऱ्या पंपाच्या) आधी असेल तर तिथला प्रत्येक किलोपास्कल पुढे गुणला जातो, तिथे मोठी नक्की बघा. टर्बोला थ्रॉटल सहसा नंतर असते, बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) मॅनिफोल्डमध्ये मोजून सांभाळला जातो, त्यामुळे फायदा जेमतेमच.

माझ्या गाडीत पुढे कॅम पडले, रेडलाइन ८००० झाली, थ्रॉटलच्या आधी आणि नंतर मोजल्यावर फरक आला २ किलोपास्कल. तीच ६८ ची परत काढली, या वेळी मॅनिफोल्डचं तोंड घासून, गॅस्केट आत डोकावत नाही ना ते बोट फिरवून बघून बसवली. दीडेक टक्का मिळाला, तोही ६५०० च्या वरच, आणि पेडलचा मॅप मात्र मुद्दाम मंद करून घेतला, कारण पहिल्या गिअरला गाडी सारखी झटके मारत होती.